घरात माणूस नसताना

बाबा, मी तुमच्यावर रागावलो आहे. तुम्हाला जाऊन कित्येक वर्षे झाली आणि गेलेल्या माणसावर रागावणे अशोभनीय आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही हे लिहीत आहे, कारण हा राग ठेवण्यासाठी मला दुसरी जागा उरलेली नाही. तुमची सून उन्हाळ्यात गेली. तुम्ही घालून दिलेला एक नियम मात्र वडनेरच्या आपल्या घरात अजून जिवंत आहे. कुलूप लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा. तुमच्या जिनिंग फॅक्टरीत तारेला तार लागून कापसाच्या गंजी पेटल्या होत्या, तेव्हापासूनचा हा नियम. त्यामागची भीती खरी होती, हे मी अमान्य करत नाही. परंतु एका माणसाची भीती घरातल्या सगळ्यांनी आयुष्यभर का वाहायची, हे तुम्ही कधी सांगितले नाही, आणि विचारण्याची आमची छाती नव्हती.

लोणारला जायचे ठरले होते तो दिवस तुम्हाला आठवत असेल का? मी शाळकरी पोरगा आहे, आईने पहाटे उठून दशम्या बांधल्या आहेत, आपण एसटीच्या थांब्यावर उभे आहोत. तुम्ही मला विचारता, "मेन बंद केला का बे?" मी म्हणतो, आठवत नाही. तुम्ही किल्ली माझ्या हातात देता. "घरात मानूस नाही, त लाइन कोनासाठी चालू ठेवाची? जाय, पाहून ये." मी धावत घरी जातो. मेन बंदच असतो. परत येतो तेव्हा बस निघून गेलेली असते. त्या दिवशी आपण दशम्या आपल्याच ओसरीत बसून खाल्ल्या, आणि तुम्ही समाधानाने म्हणालात, "बंद होता ना? मंग झालं." आईचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत. मी पाहिला होता.

आता तुमच्या काळात नव्हती अशी एक गोष्ट समजावून सांगतो. घरचा संगणक चालू असेल, तर परगावी बसून ब्राउझरमध्ये एक पान उघडता येते, सांकेतिक क्रमांक टाकला की त्या संगणकाचा पडदा जसाच्या तसा समोर येतो. इथे माउस हलवला की तिथला बाण हलतो. तुमच्या सुनेला अकोल्याच्या रुग्णालयात हलवावे लागले, तेव्हा मी ही व्यवस्था करून निघालो. वीज गेली आणि परत आली तर संगणक आपोआप सुरू व्हावा, नेट तुटले तर पुन्हा जुळावे, सगळे पाहिले होते. आईला बजावले होते, "संगणक बंद करू नकोस. त्याला हातच लावू नकोस." पहिल्याच दिवशी तिने घाबरून फोन केला, "तुह्या कम्प्युटरात कोनी शिरलं का रे? बाण आपल्या मनानं फिरून राह्यला." मी म्हणालो, तो मीच आहे. खाटेवरून तुमची सून हसत म्हणाली, "आता घरी बी तुमचीच नजर. मामंजीइचे लेक शोभता."

तिला त्या संगणकातली एक गोष्ट हवी होती. आमच्या लग्नाच्या कॅसेटवर तिच्या गेलेल्या आईचा आवाज होता. कॅसेट केव्हाच खराब झाली, पण त्याआधी मी तो उतरवून ठेवला होता. माउली त्यात आचाऱ्याला झाडते आहे. "काऊन रे बाबू, हे वरन हाये का इहिरीचं पानी? पाव्हन्याइले हातपाय धुवाले देतं का?" एवढेच. तिला तेवढेच ऐकायचे होते. एका संध्याकाळी भेटीची वेळ संपता संपता ती म्हणाली, "मायचं बोलनं ऐकू द्या ना एकदा." मी म्हणालो, उद्या सकाळी निश्चित ऐकवतो. ती म्हणाली, "निश्चित नका म्हनू, नुसतं ऐकवा." मग तिने वडनेरला आईलाही फोनवर कौतुकाने सांगितले की उद्या मी माझ्या मायचा आवाज ऐकणार आहे.

सकाळी मी लॅपटॉप तिच्यासमोर धरला आणि पान उघडले. आपल्या संगणकाच्या नावाखाली 'ऑफलाइन' असे लिहून आले. पुन्हा उघडले. पुन्हा तेच. आईला फोन लावला.

"शेगावले आली मी, दर्शनाले. पोरीसाठी."

"आणि घर?"

"मेन बंद करून, कुलूप लावून आली. तुह्या कम्प्युटरले हातबी नाही लावला, तू सांगतलं होतं तसं."

मी म्हणालो, "बरं केलंस." याखेरीज तिला काय म्हणणार होतो? सुनेसाठी देवाच्या दारात उभ्या असलेल्या बाईला? खाटेवरून विचारणा झाली, "काय झालं?" मी म्हणालो, नेट नाही. ती म्हणाली, "राहू द्या. घरी गेल्यावर ऐकू." ती घरी आली नाही. दुपारीच गेली.

मी विजेपासून, वाऱ्यापासून, नेटपासून त्या संगणकाचा बंदोबस्त केला होता. तुमच्यापासून करायला हवा होता, हे सुचले नाही. घरात माणूस नसताना लाइन कोणासाठी, असे तुम्ही विचारत होतात ना? तिच्यासाठी, बाबा. जी घरात नव्हती तिच्यासाठीच ती हवी होती. याचे उत्तर तुम्ही देणार नाही, आणि ज्याच्याकडून उत्तर मिळू शकत नाही त्याच्यावर रागावण्याचा हा उद्योग मी रोज करतो.

हे पत्र या घरात ठेवता येणार नाही. आईला अक्षरे तुम्हीच शिकवलीत, चुलीपुढे राखेत गिरवून घेतलीत, आणि ती अजून हाती लागेल ते वाचते. तिला यातले काही माहीत नाही. सुतकात तिने मला विचारले, "ऐकवलं का पोरीले तिच्या मायचं?" मी हो म्हणालो. त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगते की पोरगी मायचा आवाज ऐकत ऐकत गेली, आणि मी शेजारी बसून मान डोलावतो. परवा तिने विचारले, "ऐकून काय म्हने रे ते पोरगी?" मी सांगितले, काही म्हणाली नाही, हसली.

एक गोष्ट कबूल करतो, बाबा. अलीकडे तिचे ते हसणे मलाही आठवू लागले आहे.