चर्चच्या दाराशी

स्वेनबोर्ग, ४ मार्च

ती. गुद्रूनताईस,
एस्किलचा सा. न. वि. वि.

माझ्या बिर्थेला माती देऊन आठवडा झाला. लिहिणार नव्हतो, पण गिळताही येत नाही. चर्चच्या दाराशी मी तुझा हात धरला. रडं आल्याने बोलता येईना. आणि तू माझ्याच तोंडावर मला सांगितलंस, की बिचारी सुटली, त्या एस्किलने बायकोला जन्मभर मोलकरणीसारखं राबवलं. वर विचारलंस, आपण कुठल्या गावचे? चारचौघांनी ऐकलं.

दिसलं नाही असं सांगू नकोस. मोतीबिंदू काढल्यापासून सुईत दोरा कसा झटक्यात ओवतेस, ते तुमच्या सगळ्या बेटाला ऐकवत असतेस.

थोरली आहेस म्हणून शेवटी नमस्कार.
एस्किल

एरोस्कोबिंग, ९ मार्च

चि. एस्किल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या कार्लाकडून वाचून घेतलं आणि हेही तिच्याच हातचं आहे. ती वाचताना मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

मला काळा कोट दिसला, कान दिसले. मधे तोंडाच्या जागी धुरकट डाग. ऑपरेशननंतर सगळं लख्ख झालं होतं, ते खोटं नाही. मग काही वर्षांनी दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. मी सुताराला शिव्या घातल्या! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चौकट सरळच आहे, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयाने झिजतोय. एका डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. ऑपरेशनमुळे झालं का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, पक्कं कुणालाच सांगता येत नाही. काही अभ्यासांत ऑपरेशन झालेल्यांत हा आजार जास्त दिसला, काहींत नाही. वय मात्र नक्की कारण.

तुला भित्री भागूबाई म्हणत तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ढकलत होते, मग हे कुठल्या तोंडाने सांगू? तू ऑपरेशन टाळू नकोस. फक्त आधी पडदा तपासून घे.

राहिलं मी बोलले ते. ओळखलं नाही हा डोळ्यांचा दोष. तुझ्या पाठीमागे तसं बोलायला निघाले, हा माझा. माफ कर म्हणायचीही लाज वाटते.

तुझी,
गुद्रून

स्वेनबोर्ग, २१ एप्रिल

ती. ताईस सा. न.

पडदा तपासला. बारीक पिवळे ठिपके आहेत, दरवर्षी दाखवत राहायचंय. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पट्टी निघाल्यावर घरी आलो नि स्वयंपाकघरात उभा राहिलो. चुलीपासून सिंकपर्यंत जमिनीवरचं लिनोलियम झिजून पांढरं पडलंय. बिर्थेची पावलं. माझ्या खुर्चीपासून सिंककडे जाणारी वाट मात्र कोरी करकरीत, जणू काल अंथरलीय. ताई, तू चुकीच्या माणसाला सांगितलं नाहीस.

शनिवारच्या बोटीने येतोय. धक्क्यावर कुणाच्या तोंडाकडे बघत बसू नकोस, मीच लांबून हाक मारीन. आणि या खेपेला कॉफी मी करीन, कशीही झाली तरी पी.

रागावली नसशील तर लोभ राहू दे.
तुझा,
एस्किल