गौतमीच्या कागदावरच्या माझ्या गोळ्या

दौंड,
रविवार, दुपार

आदरणीय चांगदेवदादा आणि भागुवहिनी,

धाकट्या सुरेखाचा मनापासून जय भीम. इकडं आम्ही बरे आहोत. माझी साखर आटोक्यात आहे. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण तो कुरकुरण्यात ह्यांच्यावरच गेलाय. तुमची खबर मला वहिनींकडून कळते, कारण तुम्ही फोनवर "ठीक हाय" एवढं म्हणून फोन त्यांच्या हातात देता. म्हणून पत्र लिहिते. पत्राला "ठीक हाय" म्हणून सुटता येत नाही.

आधी एक खुलासा. वहिनींनी इनामगावात सांगून टाकलंय म्हणे, की सुरेखानं बंदूक घेतली आणि ती उसातल्या बिबट्याचा बंदोबस्त करायला येणार. (तुमच्या शेजारच्या सोपानरावांचा मला फोन आला होता, "ताई, कवा येताय? कोपऱ्यातला ऊस तुमच्यासाठी तसाच ठिवलाय.") त्यांना सांगा, रायफल माझी नाही, आमच्या इथल्या रायफल क्लबची आहे आणि ती फक्त कागदाला भोकं पाडते. बिबट्याला मारणं हा गुन्हा आहे, आणि माझा नेम कसा आहे ते पुढं वाचलंत तर बिबट्यापेक्षा सोपानरावांनाच जास्त धोका आहे हे कळेल.

झालं असं, की माझ्याबरोबर पंचायत समितीत काम करणारी गौतमी दर रविवारी त्या क्लबात जाते. मी एकदा डबा खाताना कॉलेजात एनसीसीत होते असं बोलून गेले. (होते, हे खरं. बहुतेक वेळ नाश्ता वाटायला होते, हे सांगायचं राहिलं.) गेल्या रविवारी क्लबात नवी कोरी बोल्ट-ॲक्शन रायफल यायची होती, तर गौतमी सकाळीच दारात हजर. मला नाही म्हणायचं होतं, कारण तुम्हाला अजून सांगितलं नाही ते असं, की गेल्या वर्षापासून माझा उजवा हात कापतो. ऑफिसात सही करायला जाते आणि शेवया उमटतात. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, घराण्यात कुणाला आहे का? मी म्हटलं, आहे. तेव्हापासून मी कुणाकडं चहा घेत नाही, ॲसिडिटी आहे म्हणते. पण गौतमीपुढं हे कोण सांगणार? गेले.

तिथले शिकवणारे मल्हारी, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला गोधडीसारखं जाड जाकीट घातलं आणि चटईवर पालथं झोपायला सांगितलं. (मी घरात जमिनीवर बसले तरी उठवायला ह्यांना हाक मारते.) मग त्यांनी रायफल हातात दिली. दादा, मला वाटलं होतं काहीतरी काळंकुट्ट, भेसूर असेल. निघाली तपकिरी, गुळगुळीत लाकडाची, गाल टेकवायला छान उंचवटा असलेली. वास शिलाई मशीनच्या तेलाचा. वजन गुटगुटीत तान्ह्या बाळाएवढं, आणि तसंच दोन्ही हातांनी सांभाळून घ्यावं लागतं. आणि तो बोल्ट म्हणजे चक्क दाराची कडी हो! वर उचलायची, मागं ओढायची, एक गोळी ठेवायची, पुढं सारून खाली दाबायची. खट्! आमच्या न्हाणीघराची कडी इतकी इमानदार असती, तर मी आंघोळ करताना गाणी म्हणत बसले नसते.

पण पुढचं टोक माझ्या हाताबरोबर कापत होतं. शेवटी मी हळूच म्हटलं, "मल्हारीभाऊ, हात कापतो हो माझा."

"कापू द्या की," ते म्हणाले. "त्याच्यासंगं भांडू नका. रायफल तुम्ही धरायचीच न्हाई. पट्टा धरील, कोपर धरील, जमीन धरील. तुम्ही फकस्त श्वास सोडा."

श्वास सोडला. समोरचा काळा ठिपका नाचायचा थांबला. म्हशीच्या लाथेची तयारी ठेवून, दात आवळून, डोळे किलकिले करून मी ट्रिगर दाबला, तर लागलेला धक्का मांजर शिंकल्याएवढा! मग मला धीर आला आणि दिलेल्या सगळ्या गोळ्या मी झाडल्या.

कागद जवळ आणले, तर माझा कागद कोरा. दुकानातून आणल्यासारखा. मल्हारींनी तो उजेडात धरून पाहिला. शेजारी मात्र गौतमी आनंदानं उड्या मारत होती, आपल्या कागदाचा फोटो तिनं नवऱ्याला पाठवलाही. मध्येच थबकली. "सर, मी झाडल्या त्याच्या दुप्पट भोकं कशी पडली?"

मी शेजारच्या कागदावर नेम धरला होता! (लांबून सगळे सारखेच दिसतात.) आता पंचाईत अशी, की त्या कागदावर काही भोकं पांगलेली होती आणि काही मधोमध दाटीनं बसलेली. गौतमी प्रेमानं म्हणाली, "ताई, ती पांगलेली तुमची असतील. पहिलाच दिवस हाय." मलाही तसंच वाटलं. मल्हारींनी मात्र मला परत झोपवलं. "ह्यो तुमचा नंबर, ह्यो तुमचा कागद. वळखीसाठी हळद-कुंकू लावू का?"

दुसऱ्या वेळी कागद जवळ आला. दादा, सगळी भोकं माझ्या एका बांगडीत मावली. ठिपक्याच्या जरा डावीकडं, पण सगळी एकत्र. मल्हारी म्हणाले, डावीकडं ते मशिनीचं, नेमाचा स्क्रू फिरवला की झालं. एकत्र हाय ते तुमचं. गौतमीनं निमूटपणे नवऱ्याला पाठवलेला फोटो काढून टाकला आणि मला घट्ट मिठी मारली.

हात बरा झाला असं नाही. उठल्यावर चहा घेतला तर अर्धा बशीत सांडला. पण चहा घेतला. ॲसिडिटीचं नाव काढलं नाही.

थोरांना वंदन, लहानांचे लाड, आणि वहिनींच्या हातच्या पिठल्याची माझ्यातर्फे चौकशी.

तुमची,
सुरेखा

ता. क. क्लबाच्या फाटकावर पाटी नाही. रायफल शिकायला निघालेले लोक शेजारच्या पोल्ट्रीत जातात आणि अंडी घेऊन घरी परततात. मल्हारी फ्लेक्स लावणार होते. मी म्हटलं, शिरूर ते दौंड निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या भावाच्या हातच्या आहेत, थांबा. हात कापायला लागल्यावर तुम्ही रंगकाम सोडलंत आणि सगळ्यांना "नजर गेली" म्हणून सांगता. पण बाजारातल्या फ्लेक्सवरचा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ तुम्हाला रस्त्यापलीकडून दिसतो. पाटी आडवी ठेवून पालथं झोपून रंगवली तर चालेल का, असं मी विचारलं. मल्हारी म्हणाले, चटई तयार आहे.

ता. क. २. पुढच्या रविवारच्या पहिल्या यष्टीनं या. ब्रश शोधत बसू नका. वहिनींनी ते धुऊन पिशवीत भरून ठेवलेत, आणि बिबट्याची आवई उठवायला त्यांना मीच सांगितलं होतं. म्हटलं, तेवढं ऐकून तरी तुम्ही चिडून मला स्वतः फोन कराल. केला नाहीत.