खाडीतली शिडाची बोट आणि मुरुमचं दुकान

मी, शिवकांता गौरीशंकर हत्तरगे, वय ६८, राहणार मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव, माझ्यामागं वाद नकोत म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीनं करून ठेवते. छाती कमजोर झाली आहे, बुद्धी शाबूत आहे. कोणी भरीस घातलेलं नाही.

१. माझे यजमान लिंगैक्य गौरीशंकर जन्मभर जहाजांवर इंजिन फिटर होते आणि मी मुरुमात. निवृत्त होऊन आले तेव्हा म्हणाले, "समुद्र आता एकट्यानं नको. तू संगं चल. जुनी शिडाची बोट घेऊ, तिच्यावरच राहू." परवडणारी बोट शोधत आम्ही सगळी किनारपट्टी फिरलो. शेवटी मालवणजवळच्या खाडीत एक मिळाली. इंजिन बंद पडलेलं, म्हणून स्वस्त. इंजिन तर यांच्या हातचं काम.

२. पैसे मुरुमच्या दोघा भावांच्या सामाईक दुकानातला यांचा अर्धा हिस्सा विकून उभे राहणार होते. धाकटे दीर शिवप्पा यांनी सही दिली नाही. "पाण्यावर संसार करतंय व्हय कुणी, वैनी? दादाचं डोकं फिरलंय," म्हणाले. आज-उद्या करता करता दोन वर्षं गेली आणि यांना अर्धांगवायू झाला. हे अंथरुणातून विचारायचे, "बोट गेली का गं?" मी सांगायची, "न्हाय, हाय अजून." हे गेले तेव्हाही ती तिथंच होती.

३. यांच्या पहिल्या पुण्यस्मरणानंतर पाटल्या मोडून मी ती बोट घेतली आणि आजारी पडेपर्यंत एकटी तिच्यावर राहिले. शेजारच्या होडीवरच्या तारामतीनं मला शीड चढवायला, उतरवायला शिकवलं. यांच्या पान्यांची पेटी तिला द्यावी.

४. बोट माझी मुलगी भुवनेश्वरी हिला. जावयांना घेऊन तिनं आताच चार दिवस तिथं राहून यावं, निवृत्तीची वाट पाहू नये. नकोच असेल, तर तिथं राहू इच्छिणाऱ्या नवरा-बायकोला त्यांना परवडेल त्या किमतीत द्यावी.

५. दुकानातला यांच्यामागं माझ्याकडं आलेला अर्धा हिस्सा शिवप्पा यांना. गेल्या हिवाळ्यात ते बोटीवर मुक्कामाला आले होते. सकाळी म्हणाले, "वैनी, दादा इथं लई सुखात राहिला असता. म्या सही करायला पाहिजे होती." मी चहा दिला. माफ केलं असं तोंडातून निघालं नाही, इथंही लिहवत नाही. दुकान मात्र त्यांनी घ्यावं, भुवनेश्वरीनं हरकत घेऊ नये.

६. मला समुद्राची ओढ आहे असं समजून कोणी तिकडं नेऊ नये. मुरुमच्या मळ्यात यांच्या शेजारीच समाधी द्यावी. लग्न होऊन पंचेचाळीस वर्षं झाली, पण एका ठिकाणी आम्ही फार थोडं राहिलो.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही: शिवकांता गौरीशंकर हत्तरगे

आमच्यासमक्ष सही केली:
१. इरम्मा धोंडप्पा बिराजदार, शेजारीण
२. राजेश्वरी कृष्णराज माने, डॉक्टर

मुरुम, दि. १२ जानेवारी २०२५