तिच्या आवाजाची परवानगी

लोरेटा पोरी,

चौदा वर्षं आपल्या भाषेचं रेडिओ केंद्र चालवतेस, आणि एका म्हाताऱ्याला दटावता येत नाही? घरचे हो म्हणेपर्यंत मेलेल्याचा आवाज ऐकवायचा नाही, ही आपली रीत. म्हणून माझी बायको, तुझी मावशी, गेल्यावर तिने सांगितलेल्या गोष्टींच्या फिती तू कपाटात ठेवल्यास. तीन वर्षं झाली. त्या गोष्टी येणारं दुसरं कोणी उरलं नाही, शाळेतली पोरं इंग्रजीतच भांडतात.

दर महिन्याला येऊन विचारतेस, "काका, लावू का?"

"दुखवटा संपला नाही," मी म्हणतो.

दुखवटा कसला! तिचा आवाज ऐकून मी दार उघडायला धावेन, एवढीच भीती. सोमवारी लाव. मी बारामंडी मासे धरायला लांब नदीवर जातो.

हे पाचवं पत्र. आधीची चार गादीखाली आहेत.

तुझा काका,
क्लेम