अरविंदची डबी

७ नोव्हेंबर २००५, सोमवार. सकाळी सव्वानऊ.

खिळ्याला दोन शर्ट टांगले, ट्रंक कॉटखाली सरकवली आणि नव्या खोलीत पहिली नोंद लिहायला बसलो आहे. इंदूर, परदेशीपुरा, पहिला मजला. खिडकीतून बंद गिरणीची चिमणी दिसते. उज्जैनला आमच्या घरातूनही अशीच दिसते, त्यामुळे परकं वाटलं नाही.

घरमालकीण शशिकला मावशी खाली एकट्या राहतात. नवरा-बायको दोघंही गिरणीत होते. यजमान वारले, आणि मागांच्या खडखडाटानं मावशींचे कान गेले. मी दुसऱ्यांदा ओरडून नाव सांगितलं तेव्हा म्हणाल्या, पुष्कर ना, कळलं, बहिरी आहे, मेलेली नाही. दोघंही हसलो.

काम असं. एका कंपनीनं सीडीवर तीनशे पानांची चित्रं दिली आहेत. ती बघून टाइप करायचं, प्रत्येक पान चित्रासकट साठवायचं आणि ३० तारखेला द्यायचं. चुका जास्त निघाल्या किंवा उशीर झाला तर अनामत बुडाली. बाबांची गिरणी बंद झाल्यावर हाती आलेल्या पैशांतलं ते शेवटचं होतं. मी बारावी नापास, पण स्पेलिंग माझं चुकत नाही. होईल.

९ नोव्हेंबर, बुधवार

चौकात रजत भियांचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. इथे भैयाला भिया म्हणतात. कॉम्प्युटर तासावर मिळतो, इंटरनेट नाही. भिया म्हणाले, भाऊ, इथे दहा लोक बसतात, कोण काय डिलीट मारेल भरोसा नाही, रोजचा माल रोज घरी न्यायचा. पण पेन ड्राइव्ह माझ्या ऐपतीबाहेरची आहे.

मावशींना हे सांगितलं तर त्यांनी देवघरातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. अंगठ्याएवढा गाणी ऐकायचा प्लेअर. त्या त्याला डबी म्हणतात. त्यांचा मुलगा अरविंद यात गाणी भरून आणायचा, आणि कधी कागदपत्रंही आणायचा, म्हणून त्यांना ठाऊक होतं. कॉम्प्युटरला लावली की ती कपाटासारखी उघडते. १२८ एमबी.

अरविंद सांवेर रोडच्या एका कारखान्यात होता. दोन वर्षांपूर्वी सायकलवर कामाला गेला, आणि तिथे बॉयलर फुटला. गाणी पुसायला त्यांची हरकत नाही. फक्त एक आवाज तेवढा ठेवायचा, आणि रोज दिवेलागणीला डबी त्यांच्या हातात द्यायची. इअरफोन कानात घालून त्या तो ऐकतात. तेवढंच त्यांना ऐकू येतं.

मलाही ऐकवला. अपघाताच्याच सकाळचा होता. "हॅलो, हॅलो. आई, बघ, यात आवाज भरता येतो. मीठ कमी होतं वरणात. चल, जातो मी." एवढंच.

मावशी म्हणाल्या, 'जातो' म्हणू नये रे, 'येतो' म्हणावं, हे मी दारातून ओरडले. तोवर गल्लीच्या टोकाला गेला होता मेला.

१२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी चार.

घाईत लिहितो आहे, अक्षर वाईट येईल.

चित्रं फार जागा खातात. पाचपर्यंत ती सगळी लहान करून होणार होती, पण तोवर डबीत दोन पानांपुरती जागा कमी पडत होती म्हणून अरविंदचा आवाज दुपारपुरता कॉम्प्युटरवर हलवला. पाचला परत ठेवणार होतो. पावणेतीनला वीज गेली. अर्ध्या तासानं आली, कॉम्प्युटर चालू केला, आवाज नाही. भियांनी डोक्याला हात लावला. पोरं गेम टाकतात म्हणून त्यांनी अशी सोय करून ठेवली आहे की मशीन बंद पडून चालू झालं की त्यातलं नवीन सगळं साफ. म्हणाले, अरे यार, बोललो नव्हतो का, माल घरी न्यायचा.

दिवेलागणीला दोन तास आहेत.

त्याच दिवशी, रात्री.

मी मोरीत जाऊन डबीचं बटण दाबलं आणि अरविंदचा आवाज माझ्या आवाजात भरला. वाक्यं पाठ होती. चार वेळा भरला, चौथा ठेवला. दुकानात जाऊन फाइलला नाव तेच दिलं. मावशींच्या कानाला नुसती चाल कळते, शब्दांचा सूर कळतो. फसतील.

त्यांनी ऐकला. पुन्हा ऐकला. मग माझा हात धरून म्हणाल्या, पुष्कर, आज तो 'येतो' म्हणाला.

मी वर येऊन तपासलं. खरंच. माझ्या तोंडून "येतो मी" गेलं आहे. आमच्या घरात कोणी 'जातो' म्हणतच नाही, जीभ वळलीच नाही. चारही वेळा तेच गेलं असणार.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

मावशी खुशीत आहेत. मला बोलवून शेवेची भाजी वाढली.

आवाजाची फाइल मोठी झाली आहे. मी भरली तेव्हा पाऊण मिनिटसुद्धा नव्हती. आता चार मिनिटं. "येतो मी"च्या पुढे काही तरी आहे. सायकलची चेन, मागून ट्रकचा भोंगा. डबीचं बटण खिशात दाबलं गेलं असेल. पण मी ट्रकांच्या रस्त्याला गेलेलोच नाही.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

एकोणीस मिनिटं. ट्रक मागे पडले. रेल्वे फाटकाची घंटा, गाडी जाते, फाटक उघडतं. मग पुन्हा तीच चेन, दर फेऱ्याला एक दाता अडकल्यासारखी. मावशींना इशाऱ्यानं विचारलं, अरविंदची सायकल कशी होती. त्या हसल्या. चेनमध्ये खोट होती म्हणे, रविवारी दुरुस्त करणार होता.

बाणगंगेचं फाटक सांवेर रोडहून इकडे येताना लागतं. आज भियांना विचारलं तेव्हा कळलं.

पुसली. दुकानातच पुसली. घरी येईपर्यंत डबीत परत होती.

२१ नोव्हेंबर, सोमवार

काम दोनशे पानांवर आलं आहे, पण फाइल फुगते तशी माझी पानं डबीतून नाहीशी होतात. कालची अकरा गेली. ती पुन्हा टाइप केली. डबी फेकून दिली तर सगळीच जातील. दुसरीकडे ठेवायला जागा नाही.

शेवटी मावशींसमोर बसून कबूल केलं. तो आवाज माझा आहे, मी फसवलं, हे ओरडून सांगितलं. त्यांनी इअरफोन काढला नाही. हळू बोल रे, म्हणाल्या, तुझ्या आरडाओरड्यात त्याचं ऐकू येत नाही.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

फाटक मागे पडलं. आता भाजीवाल्यांचा गलका. हा आमचाच चौक. भियांच्या शटरचा आवाजही आहे त्यात, करकरणारं शटर, मी ओळखतो.

चेन थांबली आहे. पायी चालतो आहे. सायकल हातात धरून.

खजराना गणपतीला जाऊन नारळ फोडला. परत आलो तर फाइल आणखी –

२६ नोव्हेंबर, शनिवार

गल्ली. हातपंपाचा आवाज. समोरचं कुत्रं. कुत्रं एकदाच भुंकतं आणि मग विव्हळतं.

डबी भरली. एकही पान साठवता येत नाही. चार दिवस राहिले. बाबांना फोन केला, काम झकास चाललं आहे म्हणालो. बाबा म्हणाले, ठेव मग, बिल वाढतं.

२८ नोव्हेंबर, सोमवार

आज डबी पूर्ण पुसली. फॉरमॅट. माझी पानंही गेली, सगळी. अनामतही गेली. पण तो गेला.

दिवेलागणीला रिकामी डबी मावशींच्या हातात दिली. त्यांनी कानाला लावली, जरा वेळानं काढून ठेवली. म्हणाल्या, आता हिचं काय काम, दाराशी तर आला.

मला ऐकू येत होतं. डबीशिवाय.

२९ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळ.

सकाळी मावशींनी खोली सोडायला सांगितली. प्रेमानं. त्याची खोली आहे रे ती, वाईट वाटून घेऊ नको. स्वयंपाक केला आहे. ताटं दोन. त्यांतलं एकही माझं नाही.

ट्रंक भरली. पण जिना एकच, आणि खाली कडी वाजते आहे.

मावशी दार उघडायला गेल्या. त्यांनी ऐकलं. बहिऱ्या बाईनं ऐकलं.

"हॅलो, हॅलो."

माझा आवाज. मी वर आहे, तोंड मिटून, आणि दारात माझा आवाज. मी भरलं तेवढंच त्याला येतं – "मीठ कमी होतं वरणात" – मावशी हसताहेत – मग म्हणाल्या, अरे, इतकी राख कसली अंगाला, वर जा, हातपाय धू –

पायरी.

हिशेब करून ठेवतो. बाबांना कळायला हवं.

खर्च. अनामत ४०००. खोली ४५०. कॉम्प्युटर ६४०. नारळ ८.

देणं. बाबांना ४०००. रजत भियांना ६० – भिया, माफ करा –

"येतो मी."

जिन्यावर. पुन्हा. "येतो मी." – दर पायरीला –

मावशींना देणं – भाडं नाही – त्यांचा मुल–