चष्म्यासकट अंतराळात

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि भाच्यानं टाईप करून पाठवलेल्या सूचना, दोन्ही मिळालं. फोन केला नाही, कारण फोन यांच्या खुर्चीला लागून आहे, आणि तुला ऐकू जावं म्हणून मी जी ओरडते ती आख्ख्या जिन्याला ऐकू जाते. तेव्हा पत्रच बरं.

तुम्हा बापलेकांचं म्हणणं मला नीट कळलं का ते एकदा बघ. आपला मुंगळा घर सोडून गेला त्याला दुसरं वर्ष लागलं. माझी ही लेक कुठं राहते, काय खाते, काही पत्ता नाही. आता भाच्याला ती त्या अंतराळाच्या खेळात दिसली, जिथं कुठकुठली माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी यानं चालवतात. तिथं तिचं नाव 'मुंगळा' आणि यानाचं 'चिमटा', म्हणजे ती तीच. लहानपणी माझा स्वयंपाकाचा चिमटा घेऊन घड्याळं उघडायची. भाच्याला तिनं ओळखलं आणि दार लावून घेतलं. म्हणून आता मी जायचं, पण दाढीवाला रुंद खांद्यांचा तरुण होऊन. तिच्या टोळीत शिरायचं, गोड बोलून पत्ता काढायचा, आणि पुढचं तू बघणार.

तर मी गेले. धोब्याच्या दुकानाशेजारी संगणकांचं दुकान आहे, तिथं. आत न्हाव्याकडे असतात तशा खुर्च्या, तापलेल्या प्लास्टिकचा वास, आणि कानाला टोपणं लावून स्वतःशीच भांडणारे लोक. संगणकवाली बाई भली आहे. कुणाला शिकवायचंय का, असं तिनं विचारलं. मलाच शिकायचंय म्हटल्यावर तिनं खुर्ची खाली करून दिली. मी आधी घरून नेलेल्या फडक्यानं ती बटणं पुसली. काय निघालं ते तुला सांगत नाही, तुझं जेवण व्हायचं असेल.

खेळात शिरण्याआधी आपलं माणूस घडवावं लागतं. आधी कूळ निवडायचं. चार आहेत: एक लढाऊ, एक व्यापारी, एक फटकून राहणारं, आणि एक गुलामीतून सुटून आलेल्यांचं, ज्यांची यानं जोड लावून लावून चालवलेली दिसतात. मी शेवटचं घेतलं. मोडकं चालवून घेणाऱ्यांत मला परकं वाटायचं नाही. लढाईत मेलं की नवा देह मिळतो, असं संगणकवालीनं फार जपून, मला धक्का बसू नये अशा बेतानं सांगितलं. मी म्हटलं, बाई, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, तुम्ही पुढचं सांगा.

मग चेहरा. दादा, इथं मात्र माझी गाडी अडली. खेळात सगळ्या बायका जेमतेम पंचविशीच्या, ओठ पुढे काढून उभ्या. पण गाल धरून खाली ओढता येतो, कपाळाला आठ्या पाडता येतात, केस पांढरे करता येतात. भाच्याच्या सूचनांचा कागद समोर होता. दाढीचे सात प्रकार त्यानं लिहिलेत. मी कागद उलटा केला, मागची कोरी बाजू वाया जाऊ नये म्हणून वाणसामान लिहून काढलं, आणि माझाच चेहरा करत बसले. अंबाडा घातला. चष्मा सापडायला फार शोधावं लागलं, पण सापडला. कपाटाचं दार लागून डाव्या भुवईत जी चीर पडली आहे ती व्रणांच्या खणात मिळाली.

अजून शेवटचं बटण दाबलेलं नाही. एकदा दाबलं की नाव आणि कूळ जन्मभर बदलत नाही. पण दाबणार ते याच चेहऱ्यानं. रोज देवापुढे हात जोडते ते हात मिशा लावून पोटच्या पोरीला फसवायला वापरणार नाही. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

वहिनीच्या गुडघ्याचं लिही. लोभ होता तेवढा असू दे. या पत्रानंतर थोडा कमी पडला तर माझ्याकडचा वापर.

तुझी,
बेबी


११ फेब्रुवारी

चि. सौ. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. वहिनीला वाचून दाखवलं तर ती हसत सुटली, म्हणून तुला लिहिण्याआधी तिच्याशी भांडावं लागलं. गुडघा बरा आहे.

तुला लिफ्टमध्ये एकटीला चढवत नाही. तीन मजले धापा टाकत जिन्यानं जातेस. तू अंतराळात चष्मा लावून निघालीस, हे ठीक. ज्याची त्याची हौस. पण हा हौसेचा प्रश्न नाही. मी आयुष्यभर विम्याचे दावे तपासले. समोरच्याकडून काही काढून घ्यायचं असेल तर आपण कोण ते आधी सांगायचं नसतं, एवढं तर मी शिकलोय. तुझा चेहरा बघताच ती पळेल. पुन्हा नाव बदलून दुसरीकडे जाईल, आणि हातात असलेला एकच धागा तू स्वतः तोडलेला असशील. मग देवापुढे किती हात जोडायचे ते जोड.

खोटं बोलणं म्हणतेस. तो खेळ आहे. तिथं झाडून सगळे खोटेच असतात, असं चिरंजीव सांगतात. मुंगळ्याच्या टोळीतली जी राजकन्या आहे ती म्हणे कुठल्याशा गोदामात हमाली करणारा गृहस्थ आहे.

मी त्या पोरीचं वाईट चिंतलं का कधी? बँकेत चिकटवली ती मीच. खिडकीमागे पंख्याखाली बसायची नोकरी सोडून ती वंगणात हात घालायला गेली, त्यात माझा काय दोष? माझा स्वार्थ एवढाच, की तुझ्या नवऱ्याचं तोंड मला बघवत नाही. पत्ता मिळाला तर मी जाऊन दोन शब्द समजुतीचे सांगेन.

मोठा भाऊ म्हणून सांगतो, बटण दाबू नकोस. चिरंजीव रविवारी येऊन दाढी लावून देतील. आशीर्वाद आहेतच, ऐकलंस तर जास्त.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बटण दाबलं. रविवारी भाचा आला होता, त्याला पोटभर जेवू घालून परत पाठवला. त्याच्यावर रागावू नकोस.

तुझे समजुतीचे दोन शब्द मी विसरले नाही. मागच्या वेळी तिच्या कारखान्याचा पत्ता मीच तुला दिला होता, तुझ्यावर भरवसा ठेवून. तू कोट घालून फाटकाशी उभा राहिलास आणि मुकादमाला सांगितलंस की ही मुलगी घरातून पळून आली आहे, हिला ठेवून घ्याल तर पुढचं तुम्ही बघा. दुसऱ्या दिवशी तिची नोकरी गेली, आणि तिनं घरी फोन करून एवढंच विचारलं की पत्ता कुणी दिला. मी गप्प बसले, त्यातच तिला उत्तर मिळालं. तेव्हापासून तिचा आवाज मी ऐकलेला नाही. पुन्हा पत्ता चोरून काढला आणि तिला कळलं, तर मला लेक राहणार नाही. एवढ्यासाठी भांडते आहे. हौस म्हणू नकोस.

तिच्या बापाचं तोंड तुला बघवत नाही म्हणतोस. मी रोज बघते. हे तिचं नाव काढत नाहीत, पण तिची सायकल पुसतात आणि चाकांत हवा भरतात. कोण बसणार आहे तिच्यावर, ते मी विचारत नाही.

आता पुढचं. नव्या माणसाला एक चिमुकलं यान देतात. माझं पत्र्याच्या डब्याला दोन पंख लावल्यासारखं आहे. भाच्यानं सांगितलेल्या वेशीवर, जिथून तिची टोळी ये-जा करते, मी जाऊन उभी राहिले. तिथं पोचेपर्यंत दोनदा सूर्याभोवती भलत्या बाजूनं फिरून आले. येणारे-जाणारे माझं चित्र उघडून बघत. एकानं लिहून विचारलं की आजी, रस्ता चुकलात का. मी लिहिलं की नाही, मुलीची वाट बघते आहे. दुसऱ्या एकानं काही न विचारता माझं यान फोडलं. नवा देह मिळाला. तोच चेहरा, तोच चष्मा. मी परत जाऊन उभी राहिले. संगणकवाली म्हणाली की चिकाटी आहे. तिला मुंगळा आला कुठून ते आता कळलं असेल.

काल 'चिमटा' आला. मोठं यान आहे, दादा, मला वाटलं होतं त्याहून कितीतरी मोठं. माझ्या डब्यासमोर येऊन थांबला. खेळात मला हसता येतं का ते शोधत होते, तेवढ्यात तो वळला आणि गेला.

म्हणजे तू म्हणालास तेच झालं. लिही आता, सांगितलं होतं म्हणून. मी उद्याही जाणार आणि परवाही. ती मला फोडेल, नाहीतर टाळेल, पण मी कोण हे तिला ठाऊक असेल. चेहरा बदलणार नाही.

रागावून का होईना, पत्र पाठवत जा.

तुझी,
बेबी


६ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हात धुऊन लिहायला बसले, तरी कागदाला वंगण लागलंच. तू हा डाग बघून नाक मुरडशील, म्हणून दुसरा कागद घेतला नाही.

वेशीवर तुझं चित्र उघडलं तेव्हा संतापच आला. वाटलं, मामांनी कुणाला तरी तुझा फोटो देऊन सोंग उभं केलंय. म्हणून निघून गेले. पण जेवताना ते डोक्यातून जाईना. सोंग करणाऱ्यानं तुला जरा बरी केली असती. निदान भुवईतली चीर ठेवली नसती. आणि खरं सांगू, सगळ्या खेळात एवढ्या आठ्या मी कुणाच्या कपाळावर बघितलेल्या नाहीत. आमच्या टोळीत तुझं चित्र सगळ्यांनी फिरवून बघितलं. आमची राजकन्या म्हणते की ही बाई खरी आहे, हिला हात लावाल तर बघा. तिनंच त्या यान फोडणाऱ्याला गाठून चांगला धुतला.

दुसऱ्या दिवशी मी लांब उभी राहून बघत होते. तू पुन्हा आलीस, पुन्हा भलत्या बाजूनं. कुणी काही विचारलं की तू एकच उत्तर देत होतीस. पत्ता कुणालाच विचारला नाहीस. मी वाट बघत होते, विचारशील म्हणून. त्याच्या पुढच्या दिवशीही, त्यानंतरही. तू विचारलंस ते एवढंच, की मुंगळा वेळेवर जेवतो का.

जेवतो. बंदरावर माल उतरवणाऱ्या क्रेनांची दुरुस्ती करते. उंचावर चढावं लागतं. खाली सगळं बंदर दिसतं आणि भोंग्यांनी कान बसतात. दोघींत मिळून एक खोली आहे, खिडकी पूर्वेला. बाबांना सांग की इथं सगळे सायकलनं कामावर येतात आणि मी एकटी पायी येते म्हणून हसतात.

पाकिटाच्या मागे पत्ता लिहिला आहे. तो कुणाला द्यायचा, ते तू ठरव. मागच्या वेळेसारखी गप्प मात्र बसू नकोस.

वेशीवर उभी राहत जाऊ नकोस, आत ये. माया कमी झाली नव्हती, नुसती लांब ठेवली होती.

तुझा,
मुंगळा


१४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्ता मिळाला. तुला देणार नाही.

हे वाक्य लिहायला मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. तू मोठा आहेस, तुझ्या पाया पडते, पुढेही पडेन. पण पत्ता तिनं मला दिला आहे, आणि तो माझ्याकडेच राहील. पाकीट कुठं ठेवलंय ते यांनाही सांगितलेलं नाही. यांनी ते विचारलंही नाही. पत्र वाचून उठले, सायकल बाहेर काढली, आणि तिचे भाग सुटे करून पाठवता येतात का एवढंच मला विचारलं. मी म्हटलं, बांधून द्या, नाव-पत्ता मी घालीन. आता दोरी शोधताहेत.

तुझं म्हणणं मी मुंगळ्याला कळवलं. ती म्हणते, मामांना दोन शब्द सांगायचे असतील तर त्यांनी खेळात यावं. वेस त्यांना तू दाखव. ऐकून घेईन, मग माझंही सांगेन.

तेव्हा तुला यायचं असेल तर रविवारी ये. धोब्याच्या शेजारचं दुकान, पायरी उंच आहे, सांभाळून. तिथं ऐकू येण्याची गरज नाही, सगळं लिहूनच बोलतात, म्हणजे तुझी तीही सबब गेली. शेजारची खुर्ची मी धरून ठेवते. कूळ तुझं तू निवड. चेहरा मात्र तुझाच करायचा. डोक्यावर केस घालू देणार नाही. कोट घालायचा तर घाल, तो ती ओळखते.

आणि शेवटचं बटण दाबण्याआधी नीट विचार कर, कारण मग तुलाही तिथं वेगळं कुणी होता येणार नाही. यान फुटलं तर घाबरू नकोस, मी शेजारीच असेन.

लोभ आहे तिथंच आहे. घ्यायला तुलाच यावं लागेल.

तुझी,
बेबी