शालू, तुझं प्रभुभोजन राहून गेलं

प्रिय शालू,

जेवून जरा आडवं व्हावं म्हटलं, तर डोळा लागेना. सकाळी चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. तुला जाऊन तीन महिने झाले, आणि या तिन्ही महिन्यांत प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला घ्यायला मी पुढे गेलो नाही, बाकावर तसाच बसून राहिलो. तेच विचारायला आले होते. त्यांना काही धड सांगता आलं नाही, म्हणून तुला लिहितोय.

आणि खरं सांगू? या हिंदी मुलखात मनातलं मराठीत बोलायला आता कुणी उरलं नाही. तुझ्या वहिनीला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. "अरे दादा, किती रे ताणशील!" असं मला बोलणारी तू एकटीच होतीस.

मुकुंदरावांशी तू कोर्टात लग्न केलंस. दूधविनायक मोहल्ल्यातलं मराठी हिंदू घर, त्यामुळे आपल्या चर्चच्या नियमाप्रमाणे तुझं प्रभुभोजन बंद झालं. कमिटीचा सेक्रेटरी मी. भर उपासनेत ती बंदी जाहीर करताना तुझं नाव मीच वाचलं. दुसऱ्या कुणाला वाचू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मला वाटलं, बहिणीचं नाव भावाने वाचलं की न्याय कसा स्वच्छ दिसतो! आवाजसुद्धा कापला नाही माझा. त्याचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता.

तू मात्र येतच राहिलीस. बावीस वर्षं, शेवटच्या बाकावर. भाकर वाटायची वेळ झाली की पर्स उचलून मुकाट्याने बाहेर. एकदा तरी भांडायचं होतंस गं! उलट दर नाताळला तुझा करंज्यांचा डबा यायचा, आणि मी त्या आवडीने खायचो.

मग तो बुधवार. तुझं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. उशीला टेकून तू म्हणालीस, "दादा, एकदा भाकर आणि प्याला मिळेल का रे?"

मी म्हणालो, "बघतो."

बघतो! पाणी मागितलं असतंस तर असं म्हणालो असतो का?

पाळकसाहेबांना सांगितलं, तर तो तरुण माणूस भाकर-प्याल्याची पिशवी घेऊन उभाच राहिला. "चलिए भाई साहब, अभी चलते हैं." मीच अडवलं त्यांना. "इतवार को कमिटी है, पहले उसमें रखेंगे. नियम सबके लिए एक है." खरं कारण वेगळंच होतं. सेक्रेटरीने स्वतःच्या बहिणीसाठी नियम वाकवला, असं कुणी म्हणायला नको होतं मला. माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून मी तुला थांबवलं. दारू नाही, चोरी नाही. इस्त्रीचा सदरा घालून केलेलं हे पाप आहे, शालू.

शुक्रवारी पहाटे तू गेलीस. मुकुंदरावांनी एका शब्दाने आडकाठी न करता तुझी माती आपल्या रीतीने होऊ दिली. आणि रविवारी कमिटीत मी तुझी मागणी सांगितली, तेव्हा सगळ्यांत वयस्कर सभासद चष्मा पुसत म्हणाले, "अरे भाई, इसमें पूछना क्या था?" हरकत कुणाचीच नव्हती.

पुढे एकदा मुकुंदरावांकडे गेलो, तेव्हा ते चाचरत म्हणाले, "दादा, गुरुवारी दिवसभर जिन्यावर पाऊल वाजलं की ती विचारायची, दादा आला का? मला राग आला होता तुमचा. तर मलाच म्हणाली, त्याला रागावू नका. जन्मभर नियम सांभाळतोय, दमत असेल बिचारा."

दमलो गं शालू. खरंच दमलो. चांगला माणूस म्हणून वागून वागून जीव शिणला माझा.

आणि तरी खोड जाते का? तू गेल्यावर मी स्वतःला सुधारायला घेतलं. चहातली साखर सोडली. हॉस्पिटलात जाऊन रोग्यांसाठी प्रार्थना केल्या. चर्चचा झाडू हातात घेतला. म्हटलं, थोडा लायक झालो की जाईन भाकर घ्यायला. चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत मी शिकवलं की देवाची कृपा कमवता येत नाही, ती नुसती घ्यायची असते. पोरांनी ते पाठ केलं, मास्तर मात्र कोराच राहिला! पाप धुवायला दशाश्वमेध घाटावर बुडी मारणाऱ्या यात्रेकरूंना मी मनातल्या मनात हसायचो. त्यांचं एका बुडीत भागतं, माझं घासणं काही संपेना.

आज पाळकसाहेबांना म्हणालो, "मैं अभी लायक नहीं हूँ." ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "लायक बनके कौन आता है, भाई साहब? मैं भी नहीं आता." मला रडू आलं. परक्या माणसासमोर, या वयात!

तर शालू, माझं वचन घे. येत्या रविवारी मी उभा राहून सगळ्यांना सांगणार, की माझी बहीण मागत होती आणि तिला अडवणारा मीच होतो. मग पुढे जाऊन गुडघे टेकणार आणि हात पसरणार. लायक झालो म्हणून नाही गं. भूक लागली आहे म्हणून.

तुझा,
दादा